सारजाबाईची वाट

ज्या काळची ही कथा आहे, त्या काळी नथनेल महाराजांचा मुक्काम धामणदऱ्याला होता. धामणदरा म्हणजे डोंगरमाथ्यावरची पन्नास-साठ घरांची वाडी. सगळी घरे ख्रिस्तभक्तांची. दगडमातीचे एक लहानसे देऊळ, त्याच्या अंगणात घंटेऐवजी टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा आणि देवळाला लागून गवती छपराची एक खोली. त्या खोलीत महाराज राहत. वर्षातले बरेच महिने ते गावोगाव कीर्तने करीत हिंडत असत. पण नाताळाआधीचा आगमनकाळ जवळ आला, की असतील तिथून निघून धामणदऱ्याला येत. 'नथनेल' हे नाव वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या जिभेवर काही केल्या बसेना. त्यांनी त्याचे 'नाथूमहाराज' करून टाकले होते, आणि महाराजही त्या नावाला आनंदाने ओ देत.

दिसायला महाराज अगदी साधे. अंगकाठी किरकोळ, डावा पाय जरा ओढत चालायचे. पण एकतारी हातात घेऊन उभे राहिले, की समोरच्या माणसाला वाटे, हे आपल्या एकट्याशीच बोलताहेत. आपल्या घरातले, आपल्या पोटातले यांना कसे कळले?

त्या वर्षी सारजाबाईला असेच वाटले.

सारजाबाई वाडीच्या खालच्या टोकाला एकटी राहत असे. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. बाप पाथरवट; त्याच्याकडून तिने दगडाचे काम उचलले होते. छिन्नी-हातोडा घेऊन ती दारोदार फिरे आणि बायकांची गुळगुळीत झालेली जाती टाकी लावून पुन्हा खरखरीत करून देई. त्याबद्दल कुणी पायलीभर नागली देत, कुणी भाकर-कालवण. बाई फार बोलत नसे. डोंगरातला दगड जसा ऊन-पाऊस खात गप्प असतो, तशी ती.

पण तिच्या मनात एक सल होता आणि तो नऊ वर्षांचा होता.

तिला एकच मुलगी, दीना. सारजाबाईने तिची सोयरीक आपल्या भावाच्या घरी ठरवून टाकली होती. दीनाच्या मनात मात्र डोंगराखालच्या चिंचोडी गावातला एक सुतार भरला होता. मायलेकींचे भांडण झाले. एके सकाळी दीना आपले गाठोडे काखेत मारून निघाली. वाडीच्या पश्चिमेला एक अरुंद खिंड होती. त्या खिंडीतून उतरले, की दोन तासांत माणूस चिंचोडीला पोचे. सारजाबाई मुलीमागोमाग खिंडीच्या तोंडापर्यंत गेली. दीनाला वाटले, आई निरोप द्यायला आली. ती थांबली. आणि सारजाबाई म्हणाली, "जातेस तर जा. पण या वाटेनं पुन्हा येऊ नकोस. मी मेले तरी येऊ नकोस."

दीना वळली. उतरून गेली.

त्याच पावसाळ्यात खिंडीत दरड कोसळली. माती आली, दगडगोटे आले, आणि त्यांच्यामागून वरच्या कड्याचा एक प्रचंड तुकडा येऊन खिंडीत असा रुतला, की जणू कुणी दार लावून घेतले. दोन पुरुष उंचीचा, काळा, पाठीवर वाक असलेला. लोक त्याला म्हैसधोंडा म्हणू लागले. उजवीकडे उभा कडा, डावीकडे कमरेएवढा खडकाचा कठडा आणि त्यापलीकडे थेट दरी. माणूस तर सोडाच, शेळीसुद्धा तिथून पलीकडे जाईना. वाडीने डोक्याला हात लावला आणि लांबची गाडीवाट धरली. डोंगराला वळसा घालून जाणारी ती वाट म्हणजे बैलगाडीने दीड दिवसाचा प्रवास.

सारे म्हणाले, दरड कोसळली. सारजाबाई मात्र मनात म्हणाली, माझा शब्द कोसळला.

नऊ वर्षांत तिने दोनदा गाडीवाटेने चिंचोडीला जायचे ठरवले. एकदा तर गावाच्या शिवेपर्यंत पोचली. समोर घरांची कौले दिसत होती. कोणत्या तोंडाने जावे, हे तिला कळेना. तिथल्या विहिरीवर पाणी प्यायली आणि तशीच परत फिरली. पुढे कुणाकडून तरी कानावर आले, की दीनाचा नवरा तापाने गेला, पोटी मूलबाळ नाही. सारजाबाईने ते ऐकले, आणि त्या दिवशी तिला एकाही जात्याला टाकी लावता आली नाही.

तर अशी ही सारजाबाई आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी देवळात दाराशी, बायकांच्या मागे बसली होती. वेदीपाशी आंब्याच्या पानांच्या वेढ्यात चार पणत्या मांडलेल्या होत्या. दर रविवारी एक लावायची, चौथी लागली की नाताळ आला. महाराजांनी पहिली पणती लावली, एकतारी उचलली आणि ते म्हणाले, "मायबापहो, आजपासून आपण प्रभूची वाट पाहायला लागलो. वाट पाहायला! आपली बोली किती शहाणी आहे बघा. पण मला सांगा, पाहायला आधी वाट तर पाहिजे ना? येणारा केव्हाच निघालाय. त्याला उशीर नाही. तुमच्या दारापर्यंत वाट आहे का, एवढंच बघा. का कधी रागाच्या भरात तुम्हीच ती बुजवून टाकलीत, आणि आता उंबऱ्यात बसून म्हणताय, कुणी येत कसं नाही?"

पुढे महाराज पुष्कळ बोलले, गायले. सारजाबाईच्या कानात त्यातले काही शिरले नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे तिला भान नव्हते.

सोमवारी सकाळी उजाडताच तिने छिन्नी, हातोडा, पहार आणि एक पाटी घेतली आणि ती खिंडीकडे गेली. पदर खोचला आणि खिंडीच्या तोंडाशी पडलेला पहिला दगड उचलून पाटीत टाकला.

दोन दिवस कुणाला पत्ता लागला नाही. तिसऱ्या दिवशी शमुवेल कारभारी आपल्या गाईंच्या शोधात तिकडे आला.

हा शमुवेल कारभारी वाडीतला मोठा माणूस. देवळाचा पंच. रविवारी शास्त्रवाचन करायचे ते त्यानेच. अध्यायच्या अध्याय मुखोद्गत. कुणी एक शब्द इकडचा तिकडे केला, तर भर देवळात टोकायचा. मनाने दुष्ट होता असे नाही. पण आपल्याला जे समजते ते इतरांना समजत नाही, याची त्याला पक्की खात्री होती, आणि ती त्याच्या फेट्याच्या तुऱ्यापासून जोड्यांच्या करकरीपर्यंत दिसत असे.

"सारजे, हे काय चाललंय?" त्याने विचारले.

"वाट करते, कारभारी."

"कुणासाठी?"

सारजाबाईने हातातला दगड पाटीत टाकला. मग म्हणाली, "महाराज म्हणाले ना, येणारा यायला तयार आहे, पण वाट पाहिजे म्हणून."

कारभारी आधी तिच्याकडे बघतच राहिला. मग इतका हसला, की त्याला कड्याचा आधार घ्यावा लागला. "अगं खुळे! ती मनाची वाट! दगडाधोंड्याची नव्हे! शास्त्रातलं बोलणं असं धरायचं असतं होय? आणि तुझ्या लेकीला यायचं असतं तर गाडीवाट होतीच की. नऊ वर्षांत आली का?"

सारजाबाईने पाटी खाली ठेवली. "गाडीवाट सगळ्यांची आहे, कारभारी. मी बंद केली ती ही," ती म्हणाली, आणि पुन्हा दगड उचलू लागली.

कारभाऱ्याने ही गंमत वाडीभर केली. पाणवठ्यावर, पारावर, जिथे तिथे तेच. बायका जाती टाकवून घ्यायला सारजाबाईला बोलवायच्या, त्याही आता म्हणू लागल्या, "तुला कुठला वेळ गं? तुला डोंगर हलवायचाय." ती ऐकून घेई. सकाळी दोन-चार घरी काम करी, मिळेल ते खाई आणि उन्हे कलेपर्यंत खिंडीत राबे.

दुसऱ्या रविवारी प्रार्थना झाल्यावर कारभाऱ्याने महाराजांना गाठले. "महाराज, त्या सारजाला आता तुम्हीच समजावा. तुमच्या कीर्तनाचा भलताच अर्थ लावून बसलीय. बाहेरगावचे लोक ऐकतील तर आपल्या देवळाला हसतील."

महाराजांनी विचारले, "काय अर्थ लावला तिनं?"

"तुम्ही म्हणालात वाट करा, तर ही खरीच वाट करायला निघालीय! म्हैसधोंड्याशी झुंजतेय!"

महाराजांनी हातातली एकतारी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "कारभारी, मी बावीस वर्षं हे कीर्तन करतोय. ऐकून उठून काही करणारं हे पहिलंच माणूस भेटलं."

दुसऱ्या दिवशी सारजाबाई खिंडीत पोचली, तर महाराज आधीच तिथे हजर! धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, डोक्याला उपरणे बांधलेले, आणि अधू पाय सांभाळत ते पाटीभर गोटे दरीच्या कडेला नेऊन ओतत होते. ती धावली. "महाराज, हे काय! तुम्ही नका, मला पाप लागेल."

"पाप कसलं, सारजाबाई?" महाराज हसून म्हणाले. "मी आजवर तोंडानं वाट केली. हातानं करायला तुम्ही शिकवा. हा मोठा दगड कुठून धरायचा?"

आणि तिने शिकवले! दगडाची शीर कशी ओळखायची, पहार कुठे घालायची, पाठीला झटका न देता वजन कसे उचलायचे, सारे. महाराज आज्ञाधारक शिष्यासारखे ऐकत. हात सोलून निघाले तरी त्यांनी काम सोडले नाही. तीन दिवसांतच खिंडीतली माती आणि गोटे जवळजवळ निघाले. आता समोर उभा राहिला तो म्हैसधोंडा, नागवा आणि काळाभोर.

सारजाबाईने त्याच्या बुडाशी खाचा पाडायला घेतल्या. दिवसभर घाव घातले, की ओंजळभर कपच्या निघत. तिने खाचांत बाभळीच्या पाचरा ठोकल्या, त्या फुगाव्यात म्हणून वर पाणी ओतले. इतर दगड याने फुटतात. हा ढिम्म हलला नाही. दोन छिन्न्यांची टोके गेली. तिसरा रविवार आला.

त्या दिवशी देवळातून बाहेर पडताना कारभाऱ्याने सगळ्यांच्या देखत हाक मारली, "काय सारजे, लेक कुठवर आली? धोंड्याला विचार की! पलीकडून काही निरोप देतोय का?"

लोक हसले. सारजाबाईने पदर ओढून घेतला आणि ती चालू लागली. पण घरी न जाता ती खिंडीत गेली आणि धोंड्यासमोर बसून राहिली. रविवार म्हणून हातोडा आणलेला नव्हता. थोड्या वेळाने महाराज पाय ओढत तिथे आले आणि शेजारच्या दगडावर बसले.

ती धोंड्याकडे पाहतच बोलली. "महाराज, एक विचारू? वाट झाली आणि ती आलीच नाही, तर?"

खालच्या दरीत एक घार फिरत होती, तिच्याकडे महाराज पाहत राहिले.

"ती येईल असं मी सांगितलं, तर ते खोटं ठरेल," महाराज म्हणाले. "मला ठाऊक नाही, सारजाबाई. पण तुम्ही रोज इथं येता, तेव्हा तुमच्या मनात कोण असतं?"

"तीच. दुसरं कोण?"

"आणि नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं तिचं नाव काढायची भीती वाटायची. मनात आलं की मी दुसऱ्या कामाला लागायची." तिने समोरच्या दगडावर तळवा टेकवला. "आता नाव घेते. घावागणिक मनात घेते. पण महाराज, त्यानं ओढ कमी होत नाही. वाढते. पोटात कुणी धरून ओढावं तशी होते."

"होऊ द्या," महाराज म्हणाले. "ती ओढ मरू देऊ नका. देवाला आपल्याबद्दल अशीच होते. त्याशिवाय का तो स्वतः उठून आपल्याकडे यायला निघाला?"

सारजाबाईने डोळे पुसले. सोमवारी पुन्हा तिचा हातोडा खिंडीत वाजू लागला.

तिसरा आठवडा संपत आला तेव्हा कारभाऱ्याच्या घरावर संकट आले. त्याच्या सुनेचे, मंजुळाचे, दिवस भरत आले होते. शनिवारी दुपारी तिला कळा सुरू झाल्या. सुईण आली, शेक झाले, तेलपाणी झाले. रविवारची सकाळ उजाडली तरी सुटका नाही. सुईण बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "कारभारी, मूल आडवं आलंय. माझ्या हातचं काम राहिलं नाही. चिंचोडीच्या दवाखान्यात न्या. तिथं हे जाणणाऱ्या बाया आहेत."

"गाडी जुंपा!" कारभारी ओरडला.

"गाडीनं?" सुईण म्हणाली. "दीड दिवस? एवढे धक्के? वाटेतच जाईल पोर."

मंजुळाचा नवरा बैलांकडे निघाला होता, तो दारातच थांबला. एरवी प्रसंगाला एखादे वचन कारभाऱ्याच्या जिभेवर तयार असे, आज एकही आठवेना. तो तसाच अनवाणी, बोडक्या डोक्याने देवळाकडे धावला. महाराज चौथी पणती लावायच्या तयारीत होते. "महाराज, माझी सून जातेय! काहीतरी करा!"

महाराजांनी सगळे ऐकले आणि उपरणे खांद्यावर टाकले. "बाजेवर निजवा आणि खिंडीतून चला."

"खिंडीतून? महाराज, तिथं म्हैसधोंडा आहे!"

"आहे. पण तिथवर तर वाट आहे ना? ती त्या बाईनं केलीय. निदान तिथवर चला."

दुसरा उपायच नव्हता. चौघा तरुणांनी बाज उचलली. मागे सुईण, वाडीतल्या चार-सहा बाया, पुढे महाराज. तीन आठवड्यांपूर्वी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथून बाज विनाधक्का चालली होती. मंजुळा कण्हत होती. कारभारी बाजेच्या पायाला धरून चालत होता, आणि त्याच्या पायाखाली सारजाबाईने एकेक दगड वेचून सपाट केलेली माती होती. ते त्याच्या ध्यानात आले. मान वर करून पुढे पाहणे त्याला जड गेले.

सारजाबाई खिंडीतच होती. हातोडा नव्हता, नुसतीच बसली होती. बाज पाहून ती उठली. कुणी काही सांगायच्या आधी तिने मंजुळाकडे पाहिले आणि तिला सगळे समजले. आपली लेकही अशीच कुठे अडली असेल तर, असे काहीसे तिच्या मनात येऊन गेले आणि ती पुढे होऊन मंजुळाच्या कपाळावरचा घाम पदराने पुसू लागली.

धोंड्यासमोर सारे थांबले. तरुणांनी बाज खाली ठेवून धोंड्याला खांदे लावले. चौघांनी जोर केला. काही नाही. पहार घातली, पहार वाकली.

"बाजूला व्हा, लेकरांनो," महाराज म्हणाले. त्यांनी आपला तळवा धोंड्यावर ठेवला. "सारजाबाई, इकडे या. तुम्हीही हात लावा. कारभारी, तुम्हीही."

कारभारी कसाबसा पुढे झाला आणि त्याने हात दगडावर टेकवला.

महाराज म्हणाले, "प्रभू, तू आमच्याकडे यायला निघालास आणि आम्हाला या लेकराला घेऊन पलीकडे जायचंय. मध्ये एवढा एकच आहे. तो आमच्याच्यानं हलत नाही." मग त्यांनी सारजाबाईकडे पाहिले. "या दगडावर ज्यानं जे ठेवलं असेल, त्यानं ते आता उचलून घ्यावं."

सारजाबाई त्या काळ्या दगडाला कपाळ टेकून, लोकांची लाज सोडून, मोठ्याने म्हणाली, "दीने! मी बोलले ते चुकले गं! ये म्हणते मी. या वाटेनं ये. मी जिती आहे तोवर ये!"

खिंडीत तिचा आवाज घुमला. आणि दगड हलला!

पाहणाऱ्यांनी पुढे जन्मभर सांगितले ते असे. खाचांतल्या पाचरा आधी कुरकुरल्या. धोंड्याचा कल पलीकडच्या उताराकडे होता. सुटला तर तो तिकडेच, वाटेने घरंगळत जायचा. पण तो तिकडे गेला नाही. कुणी खाली हात घालून उचलावा तसा तो चार बोटे वर झाला, डावीकडे वळला, कमरेएवढ्या कठड्यावरून पलीकडे झुकला आणि दरीत गेला. खालून आवाज यायला किती वेळ लागला! कुणी म्हणेल, पाचरा फुगल्या होत्या, बूड पोखरलेले होते. म्हणू द्या. पाचरांनी दगड फुटतो. पण पाचरा काही तो वर उचलून वळवत नाहीत.

आणि तो का वळला, हे धूळ खाली बसल्यावर कळले.

धोंडा होता त्याच्या अगदी पलीकडे, वाटेच्या मधोमध एक बाई बसली होती. पांढरे लुगडे, हातात कापडी पिशवी. ती मागे वळून पाहत होती. धोंडा उताराने गेला असता, तर तिचे नावनिशाण राहिले नसते.

सारजाबाईने तिला ओळखले. नऊ वर्षांनी चेहरा किती बदलतो, पण तिने ओळखले. ती दोन पावले पुढे गेली. दीनाही उठली.

तेवढ्यात बाजेवरून मंजुळाची किंकाळी आली.

दीनाची नजर तिकडे गेली. तिने एकदा आईकडे पाहिले, डोळ्यांनीच काही सांगितले आणि ती बाजेकडे धावली. नवरा गेल्यापासून सहा वर्षे ती चिंचोडीच्या दवाखान्यात बाळंतपणाचे काम करीत होती. तिने मंजुळाच्या पोटावर हात ठेवला, इकडून तिकडून चाचपले. "दवाखान्यात न्यायला वेळ नाही. इथंच करायला लागेल," ती म्हणाली. "आडोसा धरा. पाणी आहे का? आणि पुरुषांनी लांब व्हा."

बायांनी लुगड्यांचे पडदे धरले. सारजाबाई लेकीच्या हाताशी बसली. लेक मागेल ते देत होती, धर म्हणेल तिथे धरत होती. दोघींना एकमेकींशी बोलायला उसंतच नव्हती. दीनाचे हात सावकाश, धीराने आडव्या बाळाला वळवीत होते. सूर्य डोक्यावर आला. पुरुष कड्यापाशी गुडघे टेकून बसले होते. महाराजांचे डोळे मिटलेले होते आणि एकतारी देवळातच राहिल्यामुळे ते नुसतेच बोटांनी मांडीवर ठेका धरून हळू आवाजात गात होते.

आणि मग खिंडीत रडणे उमटले. बारीक, रागावलेले, जिवंत!

"मुलगी आहे," दीना म्हणाली. "आईही सुखरूप आहे."

कारभाऱ्याने तोंड ओंजळीत लपवले आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

दीनाने हात धुतले. ते ओलेच असताना सारजाबाईने आपल्या दोन्ही हातांत धरले. 

"तू इथं कशी गं?" आईने विचारले.

"दहा-बारा दिवस झाले, आई. खाली घाव ऐकू यायचे. लोक म्हणायचे, वर कुणी दगड फोडतंय. मी ऐकलं आणि मला कळलं, हा तुझा हात आहे. लहानपणी मी त्याच आवाजावर झोपायची. तेव्हापासून फुरसत मिळाली की चढून येते आणि धोंड्याला पाठ टेकून बसते. तू अलीकडे घाव घालायचीस, मी पलीकडे ऐकायची. आज घाव नव्हते, तरी आले."

"दहा दिवस? अगं, मग हाक का मारली नाहीस?"

दीनाची मान खाली गेली. "तू येऊ नको म्हणाली होतीस. तू वाट कुणासाठी करतेस, हे मला काय ठाऊक? आज तू माझं नाव घेतलंस. मी ओ द्यायला गेले, तर गळा दाटून आला. आणि मग एकदम पाठीमागचा आधारच गेला."

सारजाबाईने तिला जवळ ओढले. नऊ वर्षे जे रडणे तिने गिळले होते, ते आता कुणाला आवरणार?

महाराज जरा दूर उभे राहून पाहत होते. त्यांचेही डोळे भरले होते. ते स्वतःशीच म्हणाले, "तू केव्हाचाच येऊन बसलेला असतोस, प्रभू. पाठ टेकून. आणि आम्ही म्हणतो, अजून कसा आला नाही."

कारभारी उठून महाराजांपुढे आला आणि त्यांच्या पायांवर पडायला वाकला. महाराज एक पाऊल मागे सरले.

"माझ्यापाशी नाही, कारभारी," ते म्हणाले.

कारभाऱ्याला समजले. तो वळला. एव्हाना सारी वाडी खिंडीत जमली होती आणि बघत होती. ज्यांच्यासमोर तो हसला होता तेच लोक. बोडक्या डोक्याने, अनवाणी, तो सारजाबाईसमोर जाऊन उभा राहिला. त्याने पहिल्यांदाच तिला अहोजाहो केले.

"सारजाबाई, शास्त्र मी आयुष्यभर वाचलं. ते खरं धरून उठावं, हे मला कधी सुचलं नाही. तुम्हाला सुचलं, तर मी तुम्हाला हसलो. माझी सून आणि नात तुमच्या वाटेमुळे जगल्या. मला क्षमा करा."

आणि कारभाऱ्याने त्या मोकळ्या झालेल्या वाटेवर गुडघे टेकून सारजाबाईच्या धुळीने माखलेल्या पायांवर कपाळ ठेवले. तिला अवघडल्यासारखे झाले. वाकून त्याला उठवावे, तर एका हाताने लेकीचा हात घट्ट धरलेला, आणि तो काही तिच्याने सोडवेना. तिने दुसऱ्या हाताने कारभाऱ्याच्या खांद्याला धरले आणि ती म्हणाली, "उठा, कारभारी, उठा. नातीचं तोंड बघा आधी."